एकाच भांड्यात सगळ्यांचे हात

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. रांगेत माझ्यामागे कुणी येऊन उभं राहिलं, तरी आपण उगाच याच्या पुढे आहोत असं मला वाटू लागतं. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नसताना बायकोला परळच्या भरल्या घरातून उचलून वाशीच्या अर्ध्या रिकाम्या इमारतीत आणून ठेवल्यावर माझं काय झालं असेल, ते तुम्हीच बघा.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. परळला एका खोलीत आम्ही दोघं, आई-बाबा, भाऊ-वहिनी आणि त्यांची मुलं. इथे अर्ज केला, नंबर लागला आणि आम्हाला चक्क दोन खोल्या मिळाल्या. नळाला पाणी, संडास घरात. पहिला आठवडा ही एका खोलीतून दुसरीत नुसती फिरत होती. मग मी सकाळी बस पकडून फोर्टला ऑफिसात जायला लागलो, दिवे लागल्यावर परतायला लागलो, आणि मधल्या वेळात ही आणि त्या दोन खोल्या.

इमारतीत मोजकीच घरं राहायला आली होती, आणि सगळ्यांची दारं बंद. परळला दुपारी दार लोटलेलं दिसलं, तर काय झालं म्हणून चार जणी विचारायला यायच्या. इथे जिन्यात कुणी भेटलं तर आधी तुम्ही, आधी तुम्ही करत अंग चोरून वर जायचं, एवढाच काय तो शेजार. हिच्याशी बोलणारी एकच बाई होती, जवळच्या दिवाळे गावाहून पाटी घेऊन येणारी मासेवाली. "काय गो, आज पन येकटीच हायस?" म्हणत ती उंबऱ्यात टेकायची. मासे घेतले की ती जरा जास्त वेळ बसते, हे हिच्या लक्षात आलं. त्या दिवसांत आम्ही इतके बोंबील खाल्ले की मला आंघोळ करूनही स्वतःचा वास यायचा.

एकदा जेवताना ही शांतपणे म्हणाली, "अहो, संक्रांतीला माझं पहिलं हळदीकुंकू. वाणाला बोलवायला मला चार बायका माहीत नसतील, तर मी आधीच परळला जाणार. आणि मला न्यायला येऊ नका. आलात तर तिथेच राहायला या."

ती रागावली असती तर मी समजूत घातली असती. ती रागावली नव्हती. तिने ताटातला काटा बाजूला काढावा तसं ते सांगितलं आणि पुढचा घास घेतला. मार्गशीर्ष लागला होता. संक्रांत काही लांब नव्हती.

त्याच सुमारास आमच्या साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आम्हा ऑफिसच्या लोकांना वांद्र्याला घरी बोलावलं. तिथे मी तो पदार्थ पहिल्यांदा पाहिला. टेबलाच्या मधोमध एक पसरट भांडं, त्यात काहीतरी खदखदत होतं. वरून तांबूस, खाली हिरवंपांढरं. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "डिप आहे. टोस्टचा तुकडा घ्या आणि बुडवा." मी बुडवला. गरम पालक, लसूण, दूध आणि चीज यांनी मिळून माझ्या जिभेवर जे केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण मी चवीपेक्षा माणसांकडेच बघत होतो. आमच्या हिशेबखात्यातले दोन गृहस्थ पंख्याच्या वेगावरून कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनी एकदमच तुकडा बुडवला, चीजच्या तारा एकमेकींत अडकल्या, आणि त्या सोडवता सोडवता दोघं हसायला लागले. वाटीवाटीने वाढलं असतं तर हे झालं नसतं. भांडं एक, म्हणून सगळ्यांना जवळ सरकावंच लागत होतं.

आमच्या इमारतीला हेच औषध पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं. मी बाईंना कृती विचारली आणि परतताना बसमध्ये स्तोत्र म्हणावं तशी घोकत आलो. लोणी, मैदा, दूध. पालक, लसूण, चीज. वरून पावाचा चुरा, आणि मग भाजणे.

"तुम्हाला चहा करता येत नाही," बायको म्हणाली.

"हे येईल."

"आणि बोलावणार कुणाला?"

"सगळ्यांना."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी संध्याकाळी मी दारोदार गेलो. पदार्थाचं नाव सांगायची लाज वाटत होती. उद्या डिप खायला या, असं कोकणातल्या काकूंना कसं सांगणार? मी आपलं सगळीकडे म्हणालो, "उद्या संध्याकाळी आमच्याकडे या. सगळे या. थोडंसं घ्यायला." तळमजल्यावरच्या काकू इमारतीत सर्वांत मोठ्या, रत्नागिरीकडच्या, फार कडक. त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं. माझं बोलणं ऐकल्यावर ते पूर्ण उघडलं.

"अगोबाई! उद्याच बरी पौर्णिमा आहे."

"हो का? बरंच झालं," मी म्हणालो. आमच्याकडे टेबल नव्हतं, म्हणून लगेच विचारलं, "काकू, तुमच्याकडे चौरंग आहे का हो?"

"चौरंगच काय, लागेल ते देते," काकू म्हणाल्या. इतक्या मायेने त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. मला भरून आलं.

समोरच्या घरात एक जोडपं राहायचं. ते जालन्याकडचे बौद्ध. गृहस्थ पावणे गावातल्या कारखान्यात फिटर. त्यांनी माझं बोलणं ऐकून बायकोकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे. "येतो," ते म्हणाले. त्या येतो-मध्ये काहीतरी अडखळलं होतं, पण ते का, हे मला त्या वेळी कळलं नाही.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मैद्यात दूध ओतलं आणि त्याच्या गाठी झाल्या. साध्या नाहीत, चांगल्या लाडवाएवढ्या. मी डावाने त्यांच्या मागे लागलो, त्या पातेलंभर पळाल्या. ही ओट्याला टेकून बघत होती आणि पदराने तोंड दाबत होती.

"हसू नकोस. तुझ्यासाठीच चाललंय हे."

"पुरणयंत्रातून काढा," ती म्हणाली.

आम्ही खरोखरच तो रस्सा पुरणयंत्रातून काढला. मी फिरवत होतो, ती खाली पातेलं धरत होती, दोघांच्या कोपरापर्यंत मैदा. रस्सा असा गुळगुळीत निघाला की वांद्र्याच्या बाईंनीही विचारलं असतं. पालक, ठेचलेली लसूण, ऑफिसजवळून आणलेलं डब्यातलं चीज, सगळं त्यात गेलं. वरून पावाचा चुरा पेरला. मग मी मोठ्या थाटात आमचा गोल ओव्हन काढला. लग्नात आलेला, अॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. परळला लावायला जागा नव्हती म्हणून तो कधी वापरलाच नव्हता. भांडं आत ठेवलं, बटण दाबलं, आणि आम्ही दोघं खिडकीला डोळे लावून बसलो.

काही होईना. रविवारी संध्याकाळी वाशीत विजेचा दाब असा पडायचा की बल्ब पिकलेल्या बोरासारखा दिसायचा. बऱ्याच वेळाने मी ओव्हनवर हात ठेवला. आजारी माणसाच्या कपाळाला जेवढा ताप असतो, तेवढीच ऊब.

"आता?" ती म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. तेव्हा मला कळलं की तिलाही ही माणसं यायला हवी आहेत, माझ्याहून जास्त.

दिवाळीत आपण नानकटाईचे पत्रे बेकरीत भाजायला नेतो, ते आठवलं आणि मी भांडं उचलून पळत सुटलो. मार्केटमधल्या बेकरीत संध्याकाळची लादी लागायच्या बेतात होती. दारात पिठाचे पत्रे मांडलेले, म्हणून मी चपला बाहेर काढल्या.

"क्या साब, दीवाली तो हो गयी. अब नानकटाई?" बेकरीवाल्याने फडकं उचललं आणि वाकून पाहिलं. "अरे, ये तो भाजी है! हमारी भट्टी में भाजी?"

"भाई, घर पे मेहमान आ रहे हैं," मी हात जोडले. "इज्जत का सवाल है."

"भाजी की इज्जत!" तो आतल्या माणसांना ओरडून म्हणाला, आणि सगळी बेकरी हसली. पण त्याने लांब दांड्याच्या फळीवर भांडं ठेवून आत सारलं. पापड भाजायला लागावा तेवढ्याच वेळात ते बाहेर आलं. खदखदत होतं, वर तांबूस पापुद्रा, कडेला काळपट खमंग कड. मी आनंदाने बेकरीवाल्याला मिठीच मारली. त्याच्या अंगावरचा मैदा माझ्या अंगाला, कपाळाला लागला. दोन लाद्या पाव घेतले, पंचाने भांडं धरलं, वरून पांढरं स्वच्छ फडकं झाकलं, आणि निघालो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की चपला बेकरीतच राहिल्या. परत फिरलो असतो तर भांडं निवलं असतं. मी अनवाणीच चालत राहिलो.

इमारतीच्या फाटकात काकू उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. मला आश्चर्य वाटलं, पण माझे हात भांड्यात अडकलेले, म्हणून मी मान लववली.

घरी हिने चौरंग मांडून ठेवला होता. भोवती हौसेने दोन बोटं रांगोळी. बल्ब मिणमिणत होता, म्हणून समई लावलेली. डास फार, म्हणून उदबत्ती. मी झाकलेलं भांडं चौरंगावर ठेवलं आणि तिने पाव भाजायला घेतले, तेवढ्यात दार वाजलं.

काकू आणि काका. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, हातात नारळ, केळी आणि तुळशीची मंजिरी. काका फारसं बोलत नसत; आज त्यांनी टोपी घातली होती. त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरची दोन्ही घरं आली, आपापले नारळ घेऊन. सगळ्यांनी चपला जिन्यातच काढल्या, चौरंगाला नमस्कार केला आणि सतरंजीवर मांडी घालून ओळीने बसले. काकूंनी पुढे सरकून फडक्यावर तुळस ठेवली.

"भटजी आले नाहीत अजून?"

कोण भटजी, असं मी विचारणार तोच त्या म्हणाल्या,

"की पोथी तुम्हीच वाचणार? चालतं तसंही. आम्ही सकाळपासून नुसत्या चहावर आहोत, म्हणून आपलं विचारलं."

तेव्हा मी पहिल्यांदा त्या खोलीकडे काकूंच्या डोळ्यांनी पाहिलं. चौरंग, रांगोळी, समई, उदबत्ती, पौर्णिमा. आणि समोर अनवाणी उभा असलेला, कपाळाला भस्म फासल्यासारखा दिसणारा यजमान. नव्या घरात सगळ्यांना एकदम बोलावलं, तेही पौर्णिमेला, तर मराठी माणूस सत्यनारायणाशिवाय दुसरा कसला विचार करणार? आपण या सगळ्यांना देवाच्या नावाने उपाशी ठेवलं होतं. क्षणभर जिभेवर आलंच होतं की भटजींना ताप आलाय. पण इतक्या नारळांसमोर खोटं बोलवेना.

"काकू," मी म्हणालो, "पूजा नाहीये."

"नाहीये म्हणजे? पुढे ढकलली?"

"नव्हतीच."

"मग हे काय आहे?" काकूंनी चौरंगाकडे बोट केलं.

"पालक आहे," मी म्हणालो.

स्वयंपाकघराच्या दारात ही तोंडावर हात ठेवून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, संपलं. रडतेय. आता ही माणसं उठतील, नारळ उचलतील, आणि सोमवारी सकाळी ही परळला. मी तुळस बाजूला काढली, फडकं उचललं, आणि लसणीचा असा काही घमघमाट खोलीभर पसरला की काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"याला डिप म्हणतात," मी घाईघाईने सांगू लागलो. "साहेबांच्या घरी खाल्लं. पाव बुडवून खायचं. सगळ्यांनी मिळून. म्हणून बोलावलं हो. कुणाचीच कुणाशी ओळख नाही, तर म्हटलं..."

"पूजाच नाही तर उपास तरी कसला," काकू बराच विचार करून म्हणाल्या. "पोरी, ताटल्या आण. वाढ."

"ताटल्या नाहीत," मी म्हणालो. "म्हणजे आहेत, पण घ्यायच्या नाहीत. यातच बुडवायचं. सगळ्यांनी."

"एकाच भांड्यात सगळ्यांचे हात? उष्टं-खरकटं काही आहे की नाही?"

नेमके त्याच वेळी समोरचे दोघं दारात आले. त्यांच्या हातात नारळ नव्हता; त्यांच्या पत्नीच्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती.

"उशीर झाला," ते म्हणाले. "खरं सांगू का, यावं का नाही हेच ठरत नव्हतं. आमी पूजेला बसत नाई. पन तुमी सोता दारात येऊन बोलावलं."

"अहो, पूजा नाहीच आहे," वरच्या मजल्यावरच्यांपैकी कुणीतरी म्हणालं. "पालक आहे."

त्यांनी चौरंगाकडे पाहिलं, ओळीने बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. "मग काय अडचन आहे?" म्हणत ते सतरंजीवर बसले, टोस्टचा तुकडा मोडला, तांबूस पापुद्र्यातून आत घातला, आणि तारांसकट तोंडात टाकला. "आयला! गरम आहे!" ते तोंडाशी हात हलवत म्हणाले. "पन भारी आहे."

आता सगळे भांड्यातल्या त्या खड्ड्याकडे बघत होते. प्रश्न नुसता उष्ट्याचा उरला नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनाही. त्यांचा दुसरा तुकडा हातातच राहिला. यजमान म्हणून पुढचा हात माझा पडायला हवा होता. तो पडायच्या आत बायको आली, त्यांच्या पत्नीच्या शेजारी मांडी घालून बसली, आणि तिने तुकडा मोडून नेमका त्याच खड्ड्यात बुडवला.

"मीठ कमी पडलंय," ती चावत चावत म्हणाली. "वहिनी, ती चटणी द्या बरं इकडे."

वहिनींनी बरणी उघडली आणि अर्धी चटणी भांड्यावर पेरली. वांद्र्याच्या बाई बघत्या तर काय झालं असतं कोण जाणे.

"थांबा थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी नाक वर करून एकदा वास घेतला. "पावच बुडतोय, बोट नाही बुडत. मग चालेल. पण चावलेला तुकडा पुन्हा बुडवायचा नाही. एक तुकडा, एकदा. काय?"

सगळ्यांनी नियम मान्य केला. काकूंनी तुकडा बुडवला, अर्धा खाल्ला, डोळे मिटले, आणि डोळे मिटल्यामिटल्याच उरलेला अर्धा पुन्हा भांड्यात घातला.

"काकूऽऽ!" सगळी खोली ओरडली.

"अगोबाई!" म्हणत काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. फिटर शेजारी उठून पाणी घेऊन आले, काकू पेला ओठाला लावून घटाघटा प्यायल्या, आणि त्यानंतर त्या घरात कुणी कसलाच नियम पाळला नाही. पाव संपले. वरच्या मजल्यावरून पोळ्या आल्या, समोरून ज्वारीच्या भाकरी आल्या. भाकरीने जे उचललं जातं ते टोस्टने उचललं जात नाही, असं ठरलं. कुणीतरी केळं बुडवून पाहिलं आणि बरं लागतं म्हणून शपथेवर सांगितलं. काकांनी एक अक्षर न बोलता सर्वांत जास्त खाल्लं. मी उभ्याउभ्या माफी मागत फिरत होतो, काकूंची उपासाबद्दल, वरच्यांची नारळांबद्दल, आणि मी जवळ गेलो की लोक फुटून हसायचे. माझ्या कपाळावरचा मैदा अजून तसाच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग भांड्याला कडेने चिकटलेल्या खमंग कडेवरून बायकांची भांडणं सुरू झाली. दुधाची खरवड सगळ्यांना आवडते, ही तर चीजची. त्या चौघी-पाचजणी भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून चमच्यांचा खरवडण्याचा आवाज यायला लागला. कुणाचा तरी चमचा कुणाला तरी लागला. कुणीतरी किंचाळलं. बायकोचं हसणं मला त्यातून वेगळं ओळखू येत होतं. परळ सोडल्यापासून मी ते ऐकलंच नव्हतं.

बाहेर आम्ही पुरुष पोटावर हात ठेवून बसलो होतो. फिटर शेजारी सांगत होते की पावण्याला त्यांच्या कारखान्याशेजारीच गॅलरीच्या जाळ्या बनवतात, आणि उद्या एक माणूस त्यांच्याकडे माप घ्यायला येणार आहे.

"भावजी!" आतून बायकोचा आवाज आला. तिच्या तोंडात काहीतरी होतं. "त्याला आमच्या गॅलरीचं पण माप घ्यायला सांगा ना. आणि वर हूक चांगला जाड लावायला सांगा. मला झोपाळा टांगायचाय."

"सांगतो की, वहिनी!"

माझ्या हातात सगळ्यांनी आणलेले नारळ होते. ते कुठे ठेवायचे तेच मला सुचेना. काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी काकांकडे वळलो आणि विचारलं, "काका, अजून एक कप चहा घेणार?"

काकांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"अहो," ते म्हणाले, "पहिला कुठे दिलात?"